सरूसाठी कुत्रं पाहताना

वरसे, रोहा
१४ एप्रिल १९८७

चि. पोपट,

तू सध्या कुठं असतोस ते तुलाही ठाऊक नसेल, म्हणून गिरजाबाईंच्या खाणावळीच्या पत्त्यावर लिहिते. जेवायला तरी माणूस एका ठिकाणी येत असेल.

काम आहे. हसू नकोस. मला एक कुत्रं पाहिजे.

सरूला तीन पुरी झाली तशी ती घरात ठरत नाही. घरामागं शंभर पावलांवर कालवा. सकाळी मी कंपनीतल्या बारा पोरांचे डबे करते, हे नाइट शिफ्ट करून झोपलेले, सासूबाईंचे गुडघे उठू देत नाहीत. भाकरी उलटेपर्यंत पोरगी गायब. शिमग्याच्या आधी एकदा कालव्यावर सापडली आणि परवा दुसऱ्यांदा. परवा पायरीवर बसून फ्रॉक धूत होती. अंगातलाच. कालव्याच्या राखणीवरल्या पाटकऱ्यानं उचलून आणली.

तेव्हापासून डबे होईस्तोवर मी तिला लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधते. तिला खेळ वाटतो, हसते. मला भाकरी थापताना दिसत नाही नीट.

सासूबाईंनी ठरवलंय, गणपती झाले की सरूला खांबला थोरल्या जाऊबाईंकडं ठेवायची. मी म्हटलं, तिथं दारातून हायवे जातो. तर म्हणाल्या, "पुतळीच्या नजरेतून मुंगी सुटत नाय." खरं आहे. पुतळीवहिनी वाईट नाहीत हीच तर पंचाईत. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. त्यांच्याकडं गेलेली पोर मी परत कुठल्या तोंडानं मागू?

खूप रडून एवढं पदरात पाडलं, की गणपतीपर्यंत पोर सांभाळणारं कुत्रं आणून दाखवलं तर बघू. ह्यांनी सुपरवायझरचा अल्सेशियन पाहिल्यापासून ह्यांच्या लेखी दुसरं कुत्रं जन्माला आलेलं नाही. "आणायचं तर जातिवंत."

तू नाहीतरी भटकतोस, जरा कामाचं भटक. लेकराजवळ कुठली जात बरी ते बघ. चावता कामा नये, केस फार गळता कामा नयेत (डबे असतात) आणि सरूच्या मागं राहायला पाहिजे.

इनलँडवरच लिही. कार्ड टाकू नकोस. आमचा मोरू पोस्टमन सासूबाईंना कार्डं ओट्यावर बसून वाचून दाखवतो, तीसुद्धा आवाज काढून.

तुझी ताई
रंभा


पेण
२ मे

ताई,

नमस्कार आधीच करून ठेवतो, पुढं विसरेन.

पत्र गिरजाबाईंकडं आठ दिवस लोणच्याच्या बरणीखाली होतं. मी वडखळला होतो. तिथं नाक्यावर कलिंगडांचा ट्रक कलंडला. कुणाला काही झालं नाही. कलिंगडं मात्र रस्ताभर. मी एक उचलून द्यायला गेलो, मग सगळी भरू लागलो, आणि ड्रायव्हर केरू म्हणजे इतका चांगला माणूस निघाला, की मी त्याच्याबरोबर महाडपर्यंत जाऊन आलो. तो हॉर्न वाजवतो तो ऐकण्यासारखा आहे. त्याला तीन स्वर आहेत. पण तुझं कुत्रं.

पेणला नाथा हवालदार म्हणून आहेत, रिटायर. त्यांच्याकडं अल्सेशियन आहे म्हणून गेलो.

"कोणाला पायजे?"

"भाचीसाठी बघतोय."

"वय?"

"तीन."

"कुत्रा फिरवणार कोण?"

मी म्हटलं, भावजी. शिफ्ट असते, पण सुट्टीला फिरवतील. त्यांनी साखळी माझ्या हातात दिली. म्हणाले, एक फेरी मार. ताई, मी फेरी मारली नाही, मलाच फिरवून आणलं. त्या कुत्र्यानं मला रामवाडीपर्यंत नेलं आणि त्याच्या मर्जीनं परत आणलं. हवालदार तोवर चहा पिऊन मोकळे.

"हा कामाचा गडी हाय," म्हणाले. "काम द्याल तर देव. नाय द्याल तर घराचं दार खाईल. लेकराला मुद्दाम कायपण करणार नाय. पण शेपूट बघ."

शेपूट बरोबर त्यांच्या नातीच्या तोंडाच्या उंचीवर. मी होतो तेवढ्यात पोरगी दोनदा खाली बसली. तिला आता सवय झालीय, कुत्रा खुश दिसला की आधीच हात टेकते.

आणि खातो किती! तुझ्या बारा डब्यांतला तेरावा त्याचाच.

भावजींना सांग, नापास. जातीत खोट नाही, तुमच्या घराला बसत नाही.

पोपट


वरसे
९ मे

चि. पोपट,

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हवालदाराला काय कळतंय. शेपूट कापता येते." मी म्हटलं, कापा, मग सकाळी शिफ्टवरून आलात की त्याला फिरवायला न्या, मग झोपा. तेव्हापासून अल्सेशियनचं नाव नाही. आता म्हणतात, "डॉबरमन?" ते तू वाचलंच नाहीस असं समज.

सरू बांधलेली असते तेव्हा खाटेसकट सरकायला शिकलीय. सासूबाई खाटेवर होत्या. दोघी दारापर्यंत आल्या.

लवकर बघ रे.

रंभा


पेण
२४ मे

ताई,

अक्षर वाकडं आलं तर मनावर घेऊ नकोस, उजव्या हाताला खिळा लागलाय. किरकोळ.

तुझी अडचण काय आहे ते माझ्या ध्यानात आलं. आपण कुत्र्याला विचारत नाही. म्हणून मी परीक्षा काढली. कुत्रं बघायला गेलो, की आधी त्याचा कान ओढायचा, मग पाठीवर हात आपटायचा, मग खात असलं तर पुढ्यातलं उचलायचं. सरू हेच करणार ना? जो तिन्हींत पास होईल तो आपला.

बाजारपेठेत धोंडुबाई मावशींकडं पांढरं पॉमेरियन आहे. कापूस पिंजून त्याला डोळे लावावेत तसं. मावशी म्हणाल्या, "माज्या बाबूचा सोभाव गरीब." कानाला पास. पाठीला पास. तिसऱ्याला ते नापास झालं आणि मी तिथून निघालो. ही जात गोड आहे, पण आपण लेकरू असल्यागत वागते, आणि एका घरात दोन लेकरं म्हणजे भांडणं. केस तर विचारू नकोस, मी दोन दिवस शिंकत होतो.

एका शेटच्या बागेत लांबडं कुत्रंही बघितलं. पोट जमिनीला, पाय असून नसल्यासारखे. खूप हसलो. सरू हसेल म्हणून जवळजवळ घेणारच होतो. पण ते उकरत बसतं. माळ्यानं दाखवलं, आंब्याच्या बुंध्यात त्यानं एवढा खड्डा केलाय की माळी त्यात भाकरीचं फडकं गार ठेवतो. सरू कालव्याकडं निघाली तर ते तिच्या मागं निघणार, पण पोचेपर्यंत सांज होणार.

कारखान्यात कामाला लागलोय, गणपतीच्या. सध्या नुसता पांढरा हात मारायला देतात. हात दुखतो पण डावा चालतो. बसायला मात्र जरा अडचण होते, पोट दुखतं.

पोपट


वरसे
२ जून

पोपट,

खिळा? गिरजाबाईंची भाची परवा रोह्याला आली होती. तिनं सांगितलं, तुला कुत्रं चावलं, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं चालू आहेत आणि कापसाएवढ्या कुत्र्यानं चावलं म्हणून तू कारखान्यात वाघासारखं होतं असं सांगतोस.

खाणाऱ्याच्या पुढ्यातलं उचलू नये हे सरूलासुद्धा कळतं. ती आजीच्या ताटातलं उचलते, पण आजी बघत नसताना.

इंजेक्शनं पुरी कर. एकही चुकवू नकोस, तुला ट्रक दिसला की तू जातोस.

आणि ऐक. पुतळीवहिनी आल्या होत्या. सरूसाठी दोन झबली शिवून आणली. तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिची नखं काढली, इतकी हळू, की पोर झोपली. मी भांडी घासत होते ती घासतच राहिले. त्यांच्याशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

रंभा


वडखळ
९ जून

ताई,

हे पत्र केरूच्या हातानं येतंय आणि पत्राबरोबर कुत्रा आहे. दचकू नकोस. नाव खंड्या. रंग चिखलाचा. जात विचारू नकोस, भावजींना विचारू देऊ नकोस.

झालं असं. हायवेला एक मेंढरंवाला भेटला, त्याच्याकडं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं. काय ते अंग! पोटात भाकरी आहे की नाही ते बाहेरून दिसतं, आणि धावतं असं, की केरूनं ट्रक पळवला तरी ते पुढं. मी हरखलोच. पण मग डोक्यात आलं, सरू पळाली तर हे तिच्याआधी कालव्यावर पोचेल आणि तिची वाट बघत बसेल. सोडून दिलं.

परत येताना केरूला खाडीकडच्या मिठागरात मीठ भरायचं होतं. मिरगाच्या आधी सगळ्यांची घाई, ढीग पेंढ्यानं शाकारायचे. मी तिथं खेकडे बघत बसलो. एका खेकड्याचा एक आकडा, म्हणजे नांगी, एवढा मोठा आणि दुसरा नावाला, ताई, तो मोठा आकडा हलवून कुणाला बोलावतो कुणास ठाऊक. तर बांधावर हा कुत्रा आडवा पडलेला. शेजारी लेकरं. एक पोर त्याच्या अंगावर बसून वाल सोलत होतं. मी तिन्ही परीक्षा घेतल्या. (तिसरी लांबून, काठीनं.) तो जांभई देऊन परत झोपला.

काळुराम आणि सगुणा म्हणून नवरा-बायको तिथं मीठ काढतात, त्यांचा तो. मी विचारलं, देता का? सगुणा डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाली, "न्या. बरं व्हईल त्याचं. पन भाऊ, त्याला एक खोड हाय—" आणि तेवढ्यात केरूचा तीन स्वरांचा हॉर्न झाला. मी पळालो. कुत्र्याला खोड असायचीच, मलाही आहेत.

आळशी आहे, गरीब आहे, केस आखूड. पास.

पोपट


वरसे
२ जुलै

चि. पोपट,

कुत्रा पोचला. सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हे त्याच्याकडं बघून म्हणाले, "हा?" आणि कुशीवर वळून झोपले.

आधी चांगलं चाललं. सरू त्याच्या पाठीवर बसते, शेपटीला दोरा बांधते, त्याच्या कानात काहीतरी सांगते. मी पट्टी बांधायची सोडली. तीन आठवडे ती कालव्याकडं गेलेली नाही.

पण त्याचं काहीतरी विचित्र आहे. पाण्याशी त्याचं वाकडं आहे. मी सरूला मोरीत आंघोळीला नेते, तर हा दारात आडवा. ओलांडून गेले, तर आत येऊन तांब्याच्या आणि तिच्या मधे उभा. बादली भरली की कान टवकारतो, सरू जवळ गेली की गुरगुरल्यासारखा आवाज काढतो. परवा पागोळीखाली घमेलं ठेवलं, ते त्यानं नाकानं उपडं केलं. चार दिवस पोरीला नुसतं पुसून काढतेय. सासूबाई म्हणतात, "तुजा भाऊ तसा भावाचा कुत्रा. पान्याला बिचकतो."

त्या बाईनं खोड काय सांगितली होती?

रंभा


पेण, ७ जुलै
(कार्ड. पोस्टात इनलँड संपलेत. माफ कर.)

ताई, ताबडतोब कुत्रा बांध. चौदाव्या इंजेक्शनाला कंपाउंडरनं मला सांगितलं होतं, पिसाळलेल्याची खूण एकच, पाणी बघितलं की बिचकतो. सरूला जवळ जाऊ देऊ नकोस. सासूबाईंना आत्ता काही सांगू नकोस, घाबरतील. पोपट.


वरसे
१३ जुलै

पोपट यास रंभाची सासू चंद्रावती हिचा आशीर्वाद. लिहिणार मोरू पोस्टमन.

तुझं कार्ड मोरूनं वाचलं. सगळ्या आळीनं ऐकलं. (आजींना हळू ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. — मोरू)

मी घाबरले नाय. मी दोन दिवस खाटेवर पाय वर घेऊन बसले ते गुडघ्यांसाठी. खाली तुझा कुत्रा. त्याला झोप, मला नाय. (आजी काठी घेऊन बसल्या होत्या. चहा मी खिडकीतून दिला. — मोरू)

तुला लहानपणी शाळेत घातला तेव्हाच मी तुझ्या आईला बोलले होते, याला बैलांमागं घाल, बैल तरी शिकवतील. पोमेरन चावून घेतोस, पिसाळलेलं आमच्याकडं धाडतोस. (इथं आजी आणखी बोलल्या, ते मी लिहीत नाही, सरकारी माणूस आहे. — मोरू)

कुत्रा शेवग्याला साखळीनं बांधला हाय. येऊन घेऊन जा. येताना पेणचे पोह्याचे पापड आण, उडदाचे नको.

चंद्रावती
(अंगठा)


वरसे
२४ जुलै

पोपट,

कुत्रा पिसाळलेला नाही. ह्यांनी गुरांच्या डॉक्टरांना आणलं. खंड्या त्यांच्यासमोर पातेलंभर पाणी प्याला, वर पावसात उभा राहून त्यानं अंग भिजवून घेतलं आणि त्यांच्या पँटवर झाडलं. डॉक्टर म्हणाले, याच्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरलेले दिसता. दहा दिवस लक्ष ठेवा म्हणाले, ते झाले, काही नाही. सासूबाई मात्र ऐकेनात. साखळी सुटली नाही.

मग काल जे व्हायचं ते झालं. खंड्या बांधलेला, आणि मला आपली त्याच्या भरवशावर राहायची सवय लागलेली. पट्टी बांधायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. खंड्या भुंकत होता. तो कधी भुंकत नाही. मी म्हटलं, साखळीला कंटाळला असेल. इतका भुंकला की साखळीनं मान सोलून निघाली. शेवटी बाहेर आले तर सरू नाही.

कालवा पावसानं तुडुंब. ती शेवटच्या कोरड्या पायरीवर होती. पुढची पायरी पाण्याखाली होती आणि तिला ती दिसत होती.

धरली मी. काही झालं नाही.

सासूबाईंनी खांबला निरोप धाडला. गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पुतळीवहिनी सरूला घेऊन जाणार. ह्यांनी मान हलवली. मी सरूचे पाय पुसत राहिले.

त्या बाईकडं जा आणि खोड विचारून ये. आज जा. वाटेत काही उलटलं तर उलटू दे.

रंभा


पेण
६ ऑगस्ट

ताई,

गेलो. वाटेत वडखळला कबड्डी चालली होती. बघितली नाही. म्हणजे दोन डाव बघितले.

मिठागर आता सगळं पाण्याखाली. सगुणाचं घर बांधापलीकडच्या गावात. मला बघून म्हणाली, "आलास! बोलनं अर्ध्यावर टाकून पलालास तवाच बोलले, हा परत येनार."

मी विचारलं, खंड्या पाण्याला का बिचकतो? ती आणि काळुराम इतके हसले, की म्हातारी आतून बघायला आली.

"तो नाय बिचकत," सगुणा म्हणाली. "त्यो लेकराला पान्याकडं जाऊ देत नाय."

ताई, मिठागरात दोघंही कामाला. ती पाट्या वाहणार, तो मीठ ओढणार, लेकरं बांधावर. एका अंगाला वाफे, दुसऱ्या अंगाला खाडी. भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडली, की पाणी घोड्यागत आत येतं. अशा वेळी लेकरांकडं बघायचं कुणी? तर तिथली कुत्री बघतात. हा आईकडून शिकला. लेकरू आणि पाणी यांच्या मधे आडवं पडायचं. लेकरू उठलं की आपण उठायचं. पुढं गेलंच तर अंगानं रेटायचं, नाहीतर कापड दातात धरून मागं ओढायचं. मी तिथं खेकडे बघत होतो तेव्हा तो झोपला नव्हता गं, कामावर होता! मी त्याला आळशी म्हटलं. माझ्यासारख्यानं.

"माजी चार पोरां त्यानंच मोठी केली," सगुणा म्हणाली. "मी नुसती जल्माला घातली."

मग दिलात का, विचारलं. म्हणाली, "पोरां आता पोव्हायला लागली. दिवसभर उड्या मारतात. हा एकेकाला ओढून काठाला आनतो, तो दुसरा उडी घेतो. कोन ऐकत नाय त्याचं. लय झुरला. त्याला ऐकनारा लेकरू पायजे होता."

आंघोळीचंही तिनं सांगितलं. आधी एक तांब्या खंड्याच्या अंगावर ओतायचा, मग सरूच्या. म्हणजे त्याला कळतं, हे पाणी घरातलं.

साखळी सोड. आणि त्याला म्हणावं, पोपट चुकला.

मूर्तींना आता रंग देऊ देतात. फक्त उंदरांना.

पोपट


वरसे
५ सप्टेंबर

चि. पोपट,

तू येशील म्हणून वाट बघितली. आता कळलं, तू केरूबरोबर गोव्याला आहेस. हे गिरजाबाईंच्या बरणीखाली ठेवायला धाडते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साखळी सोडली. आंघोळीचं जमलं. आधी खंड्या, मग सरू. सासूबाई म्हणतात, "मोरीत कुत्रा, देवघरात कुत्रा, आता मलाच गोठ्यात बांधा." तुझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. म्हणाल्या, "गोष्ट बरी हाय. गोष्टीनं पोर वाचत नाय. पुतळीला शब्द दिलाय." झालं. मी सरूचे कपडे धुऊन घड्या घालायला लागले.

मंगळवारी गौरी-गणपती बोळवले. आळीचे नऊ गणपती, पुढं ताशा, मागं बाया, आणि मधे वीसेक पोरं, सगळी निघाली कालव्याकडं. खंड्याची अवस्था काय सांगू. एक लेकरू असतं तर निभावलं असतं, इथं अख्खी पलटण पाण्यावर चालून निघालेली. धावत पुढं गेला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आडवा झाला. मोठी माणसं ओलांडून गेली, त्यांना काही नाही. पोर आलं की उठून रेटायचा. एकाला मागं आणेपर्यंत दुसरं घुसायचं. सुपरवायझरच्या मुलाची चड्डी त्यानं अशी ओढली, की नाडी तुटली. सरू बापाच्या पँटला लोंबकळलेली, म्हणून ह्यांनाही सोडेना. हे डोक्यावर गणपती घेऊन उभे, खाली सरू, समोर खंड्या. तिसऱ्यांदा आरती झाली. ताशेवाला म्हणाला, "वहिनी, मोरयाला काय आज मुक्काम करवताय?" शेवटी सगळी पोरं वर झाडाखाली नेऊन बसवली, तो त्यांच्यापुढं पहाऱ्याला बसला, तेव्हा कुठं गणपती पाण्यात गेले.

ह्यांची मान खाली. पण सुपरवायझर म्हणाले, "हैबतराव, हे ट्रेनिंग कुठं दिलंत?" हे म्हणाले, "पेणला." एवढंच बोलले आणि घरी येईपर्यंत छाती पुढं.

सासूबाई सगळं बघत होत्या.

बुधवारी सकाळी सणाला आलेल्या पुतळीवहिनी निघाल्या. सरूला नवं झबलं, तेल-पावडर, हातात लाडू. मी पिशवी दिली. आमच्याकडून एसटीला जायचं तर कालव्यावरचा पूल ओलांडावा लागतो. मी दारातच थांबणार होते, पण सरू बोट सोडेना, म्हणून पुलापर्यंत गेले. हेही आले, आणि सासूबाई काठी टेकत मागनं.

पुलाच्या तोंडाशी खंड्या आडवा.

वहिनी म्हणाल्या, "हाड!" तो बसून राहिला. त्यांनी सरूला कडेवर घेतलं नि बाजूनं निघाल्या, तर त्यानं उठून त्यांचा पदर दातात धरला. चावला नाही, फाडला नाही. नुसता मागं मागं ओढत रस्त्यावर घेऊन आला आणि परत जाऊन आडवा झाला. ह्यांनी त्याला गळ्याला धरून पलीकडं नेऊन ठेवलं. वहिनींनी चार पावलं टाकली असतील, हा त्यांच्या पायांतून येऊन पुन्हा मधे. तिसऱ्यांदा ह्यांनी काठी उचलली. खंड्यानं डोळे मिटले, पण हलला नाही. सरू रडायला लागली, "खंड्याला नको, खंड्याला नको."

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हैबती, काठी टाक."

मग वहिनींना म्हणाल्या, "पुतळे, पोर खाली ठेव गो."

"अहो, पण ठरलंय ना—"

"मीच ठरवलं व्हतं. या पान्याच्या भ्यानं पोर तुज्या वटीत घालत व्हते. हा बाबा तर पुलावरनं पन पानी वलांडू देत नाय तिला. मग मी तिला धाडते कशापायी? आईवेगळी करायला?"

वहिनींनी सरूला खाली ठेवलं. मग त्या पुलाच्या कठड्याला टेकून रडल्या. मी जवळ गेले, तर त्याच म्हणाल्या, "रंभे, तुझा राग नाही. मी तिचं अंथरूण घातलं होतं गं." पोपट, त्या दिवशी मी त्यांना जाऊ दिलं नाही. तीन रात्री राहिल्या. सरू त्यांच्याच कुशीत झोपायची, दाराशी खंड्या. नखं काढली, वेण्या घातल्या, डब्यांना भाकऱ्या थापू लागल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "महिन्यातून आठ दिस इकडंच ये. पोर तिकडं येनार नाय, तिचा मुकादम सोडत नाय."

आज त्या गेल्या. सरू आणि मी पुलापर्यंत गेलो. खंड्या आमच्यापुढं आडवा होता, त्यांच्यासाठी मात्र बाजूला सरकला. एकट्या ओलांडून गेल्या. पलीकडं वळून म्हणाल्या, "दिवाळीला येते गो, सरू." सरूनं हात हलवला. एसटी दिसेनाशी झाली तरी तो उठला नाही. सरू घराकडं वळली तेव्हा उठला, अंग झाडलं आणि तिच्या आणि कालव्याच्या मधून चालू लागला.

तुझी
रंभाताई